बाईंचं गोत्र

‘बाहेर जाऊन नक्की काय शिकलीस गं तू?’ हा प्रश्न नगरमध्ये मला इतक्यांनी विचारलाय, की आता मी सरळ ‘इतिहास’ म्हणून मोकळी होते. पूर्वी खरं सांगायचे. अक्कादी नावाची भाषा, आजच्या इराकात हजारो वर्षांपूर्वी बोलायचे, साबणाच्या वडीएवढ्या ओल्या मातीच्या वड्यांवर बोरूनं टोचून लिहायचे, ती वाचायला शिकले. समोरचा माणूस सगळं ऐकून घ्यायचा आणि मग म्हणायचा, ‘अच्छा! म्हणजे जर्मन येत असेल ना? क्लास काढा की.’ सावेडीतल्या आमच्या वाण्यापासून कॉलेजच्या प्राचार्यांपर्यंत सगळ्यांचं ह्यावर एकमत आहे. मी क्लास काढावा.

काढला नाही. नगरहून एसटीनं पाथर्डीला जाते, तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते, एसटीनं परत येते. जाताना करंजीचा घाट, येताना करंजीचा घाट. दिवाळीनंतर वर्ग अर्धा रिकामा होतो, पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, आणि उरलेल्यांना मी सिंधू संस्कृतीतली गटारं समजावते. कंटाळा आलाय असं म्हणायचाही आता कंटाळा येतो. पण गाडी घाटात कण्हत चढायला लागली, की मला हमखास बाई आठवतात.

बाई म्हणजे माझ्या तिकडच्या प्राध्यापक. जर्मनीतल्या एका लहानशा, सदा ओलसर गावात विद्यापीठ होतं, तिथं मी एम.ए.ला होते. बाकीचे त्यांना अदबीनं ‘फ्राउ प्रोफेसर’ म्हणायचे. मी मनात पहिल्या दिवसापासून बाईच म्हटलं, कारण प्राथमिक शाळेतल्या बाईंसारखंच त्यांनी पहिल्याच तासाला माझं पेन काढून घेतलं. त्यांचं नाव मी घेते, पण वर्षातून एकदा आणि ठरलेल्या जागी. इथं नको.

‘ज्यांनी ही भाषा लिहिली त्यांच्याकडे हे नव्हतं,’ म्हणून पेन गेलं ते गेलंच. हातात आला मातीचा गोळा आणि चायनीज हॉटेलात मिळते तसली खायची काडी. तिचं चौकोनी टोक मातीत तिरकं दाबायचं. पहिलं अख्खं सत्र आम्ही माती कालवत बसलो. घरी व्हिडिओ कॉलवर अप्पांनी माझ्या नखांत अडकलेली माती पाहिली आणि विचारलं, ‘तुला तिकडं शेतात कामाला लावलंय का गं?’ अप्पा म्हणजे माझे वडील. नगरमध्ये भिक्षुकी करायचे. गुरुजी म्हणून अर्ध्या शहराला माहीत. आई मी कॉलेजात असतानाच गेली. त्यानंतर आम्ही दोघंच.

माती वाळू नये म्हणून बाई ती घरच्या फ्रिजमध्ये, ओल्या फडक्यात गुंडाळून, लोण्याच्या रिकाम्या डब्यांत ठेवायच्या. एकदा त्यांच्याकडे जेवायला गेले, तर म्हणाल्या लोणी काढ. मी काढलं आणि पावाला चांगली जाड माती फासली. ‘खा, खा,’ बाई म्हणाल्या, ‘अक्षर सुधारेल.’ हसल्या मात्र नाहीत. विनोद करून हसणं त्यांना माहीत नव्हतं, त्यामुळे विनोद झाला हे लोकांना बऱ्याच वेळानं कळायचं आणि काहींना कधीच कळायचं नाही.

कौतुकाच्या बाबतीत तर बाई महाकंजूष. मी रात्रंदिवस राबून एखादा मजकूर लावावा, त्यांच्यापुढे ठेवावा, त्यांनी चष्मा वर करून तो वाचावा आणि म्हणावं, ‘अजून तरी चूक नाही.’ बस्स. ह्यापुढं कौतुक गेलंच नाही. सुरुवातीला मला वाटायचं भारतीय म्हणून असं. मग कळलं, त्यांच्या स्वतःच्या जाडजूड ग्रंथाबद्दल कुणी विचारलं तरी त्या हेच म्हणायच्या.

त्यांच्यासमोर ‘मेलेली भाषा’ हा शब्द काढायची सोय नव्हती. एक नवा मुलगा मोठ्या कौतुकानं म्हणाला, मला मेलेल्या भाषांची आवड आहे. बाईंनी त्याला शांतपणे विचारलं, ‘तू तिला हाक मारलीस? कधी? मग ती ओ देत नाही हे तुला कळलं कसं?’ तो पुढच्या सत्रात अर्थशास्त्राला गेला. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. उलट म्हणाल्या, तिकडे त्याला भाव मिळेल.

त्या काळच्या पत्रांना एक ठरलेली सुरुवात असते. ‘अमक्याला सांग: तमका असं म्हणतो.’ ज्याला पत्र पाठवायचं त्याला बहुतेक वेळा वाचता यायचं नाही, म्हणून पत्र लिहायचं ते वाचून दाखवणाऱ्याला उद्देशून. बाईंनी ही सुरुवात उचलली ती कायमची. घरमालकाला चिठ्ठी लिहिली तरी, ‘मालकाला सांग: तळमजल्यावरची म्हातारी असं म्हणते, हीटर बंद पडलाय.’ मला मेल यायची, ‘नगरच्या मुलीला सांग: तिची बाई असं म्हणते, निबंध भयंकर आहे.’ मी पहिल्यांदा घाबरून विचारलं, बाई, हे सांगायचं कुणी? तर म्हणाल्या, ‘जो मधे असेल त्यानं. मधे कुणीतरी लागतंच.’

आता त्यांचं खरं वेड सांगते. बाईंचं सगळं आयुष्य एका विधीच्या अभ्यासात गेलं होतं. त्या जुन्या लोकांत गेलेल्यांना पाणी द्यायची रीत होती. महिन्याच्या शेवटी, चंद्र दिसेनासा झाला की भाकर ठेवायची, पाणी ओतायचं आणि मेलेल्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. हे काम मुलाचं, थोरल्याचं. ज्याला असं कुणी नसेल तो मेल्यावर रस्त्यात टाकलेला चुरा आणि भांड्याची खरवड खाऊन राहतो, असं ते मानायचे. बाई अगदी नास्तिक. चर्चची घंटा वाजली तरी खिडकी लावून घ्यायच्या. पण पाव कापल्यावर पडलेला चुरा त्यांनी कधी कचऱ्यात टाकला नाही. हातानं गोळा करून खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवायच्या. मी विचारलं, पाखरांसाठी का? ‘ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी,’ बाई म्हणाल्या, ‘पाखरांनी खाल्लं तर माझी हरकत नाही.’

विभागात यायला त्यांना दफनभूमीतून जवळची वाट होती. तिकडे कबरीची जागाही भाड्यानं असते हे मला तिथं गेल्यावर कळलं. मुदत संपत आली आणि पुढं कुणी चौकशीला आलं नाही, की नगरपालिका दगडावर एक पिवळी चिठ्ठी चिकटवते: नातेवाइकांनी संपर्क साधावा. मग काही दिवसांनी दगडच उचलतात. बाई रोज सकाळी जाताना त्या पिवळ्या चिठ्ठीवाल्या दगडांपाशी थांबायच्या आणि दगडावरचं नाव खणखणीत आवाजात वाचायच्या. ओळख ना देख! फिरायला आलेले लोक कुत्र्याला जवळ ओढून घ्यायचे. मी बरोबर असले की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा थंडीत हात चोळत त्या म्हणाल्या, ‘माझ्या दगडाला चिठ्ठी लागेल ना, तेव्हा इथून कुणी जाणार नाही. आपला विभाग नव्या इमारतीत हलवतायत.’ आणि पुढच्या दगडाकडे गेल्या. बाईंना ना नवरा, ना मूल, ना भाऊबहीण. हे त्यांनी मला एरवी कधी सांगितलं नाही. त्या दिवशीही सांगितलं नाहीच म्हणा.

माझे वडील श्राद्धपक्ष करतात, भाद्रपदात रोज तर्पण घालतात, हे त्यांना वर्गात असंच बोलता बोलता कळलं. बाईंनी पुस्तक मिटलं. ‘अजून करतात?’ म्हणाल्या. ‘रोज? पाण्यानं? नाव घेऊन?’ मग समोरचा चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. ‘दाखव.’

मी म्हटलं, ‘मला येत नाही. आमच्यात बायका करत नाहीत.’

‘पाहिलंयस ना?’

‘लांबून.’

‘मग लांबून दाखव.’

मी कपात बोटं बुडवली आणि हात वाकडा करून अंगठ्याच्या बाजूनं पाणी सोडलं. सगळा वर्ग बघत होता. बाईंनी माझा हात मनगटाशी धरून फिरवून फिरवून पाहिला. म्हणाल्या, ‘जिच्या घरात हे चालू आहे ती मुलगी सात समुद्र ओलांडून माझ्याकडे हे वाचायला आली. तुला कुणी ओरडलं नाही का?’  घरात मला पाणी कुणी सोडू दिलं नसतं. वाचता तरी येईल म्हणून मी गेले होते, हे मला स्वतःलाच त्या कपापुढे बसल्यावर कळलं.

एम.ए. झालं, पुढं पीएच.डी.ची जागा ठरली, आणि अप्पा न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड. पुण्याचा चुलतभाऊ धावत आला, दवाखान्यात दोन दिवस बसला, आणि त्याला सुट्टी नव्हती. मी परत आले. निघताना बाई भेटल्याच नाहीत. दार वाजवलं, आत दिवा होता, उघडलं नाही. नंतर कितीतरी दिवस एक अक्षर नाही. मी पाथर्डीच्या एसटीत बसून रोज मेल बघायचे, आणि रोज चिडायचे. म्हातारी स्वतःला समजते कोण? मग एक दिवस घाटातच मोबाईल वाजला: ‘नगरच्या मुलीला सांग: तिची बाई असं म्हणते, मी रागावले होते. आता दमले. तुझ्या वडिलांचं तर्पण मला जवळून बघायचंय.’

निवृत्त झाल्या त्याच वर्षी भाद्रपदात आल्या. कुणीतरी स्वस्त म्हणून त्यांना दिल्लीहून शिर्डीच्या विमानात बसवून दिलं. अख्खं विमान भाविकांचं. मी घ्यायला गेले, तर बाई कपाळाला भला मोठा टिळा, हातात कुणीतरी दिलेली बुंदीची पुडी आणि तोच मातीच्या डागांचा तपकिरी स्वेटर, नगरच्या ऑक्टोबरी उन्हात. ‘सगळे विचारत होते दर्शनाला आलात का,’ त्या म्हणाल्या. ‘मी म्हटलं हो, मेलेल्यांच्या. नंतर कुणी विचारलं नाही.’

मग सुरू झाली माझी हमाली. अप्पांना जर्मन येत नाही, बाईंना मराठी येत नाही, आणि दोघंही असे हट्टी की समोरच्याचं वाक्य संपायच्या आत आपलं सुरू. मधे मी. ‘ह्यांना विचार तीळ काळेच का.’ ‘मॅडमना सांग मधे बोलायचं नसतं.’ ‘ह्यांना विचार दक्षिणेलाच का तोंड.’ ‘मॅडमना सांग ओलांडून जाऊ नका.’ सकाळपासून जेवणापर्यंत माझ्या तोंडाला फेस. जेवताना अप्पांनी सहज विचारलं, ‘मॅडमच्या घरी कोण कोण?’ मी म्हटलं, कुणी नाही. अप्पा ‘बरं’ म्हणाले आणि बाईंच्या पानात आणखी एक वडा वाढला.

बाईंना इथल्या मातीत लिहायचं होतं. त्यांना घेऊन तिसगावच्या अलीकडे एका रानात उतरले. बांधावर खुरपं घेऊन बसलेली बाई म्हणाली, ‘काय हुडकताय, ताई?’

‘थोडी माती न्यायचीय. लिहायला.’

‘लिव्हायला?’ तिनं बाईंकडे नीट बघून घेतलं. ‘न्या की. लई हाय. पर लिव्हून व्हयाचं न्हाई त्येच्यावर काई.’

पिशवीभर काळी माती आणली. बाईंनी गच्चीत बसून ती मळली, सुरेख वडी केली, तीवर काडीनं अप्पांचं नाव त्या जुन्या लिपीत कोरलं आणि उन्हात ठेवली. दुपारपर्यंत वडीला तड्यावर तडे. दुसरी केली, ती उभी फुटली. तिसरीचे तर तुकडे. काळी माती ती. वाळली की फाटणारच. बाई हात झटकत खाली आल्या, प्रचंड वैतागलेल्या. ‘ह्यांना सांग, तुमच्या मातीत काही लिहिता येत नाही!’

मी सांगितलं. अप्पा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, ‘म्हणून आम्ही पाठ करतो.’

मी हे जर्मनमध्ये सांगितलं आणि बाई हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग म्हणाल्या, ‘अजून तरी चूक नाही.’ अप्पांनी अर्थ विचारला. सांगितल्यावर त्यांना तो फारसा रुचला नाही, पण त्यांनी तो लक्षात ठेवला असणार. अप्पा एकदा ऐकलेलं विसरत नाहीत.

सर्वपित्रीला अप्पांनी तर्पण घातलं आणि बाई जवळच, पाय दुमडून, हूं की चूं न करता बसल्या. अमावास्येला करतात हे कळल्यावर आदल्या दिवसापासूनच त्या खूश होत्या. त्यांच्या त्या जुन्या लोकांचाही हाच दिवस. नंतर पान ठेवायला गच्चीत गेलो, तर कावळा नाही. सावेडीत कावळे उरलेत कुठं? शेजारच्या गच्च्यांवरूनही लोक काव काव करून घसे कोरडे करत होते. बाई कठड्याला टेकून म्हणाल्या, ‘आमच्या गावात कावळे ढीगभर. बोलवणारं कुणी नाही.’ बऱ्याच वेळानं एक आला. अप्पांच्या आधी बाईंनीच सुटकेचा निःश्वास सोडला.

खाली आल्यावर त्यांनी मला तो प्रश्न विचारायला सांगितला. तीनच शब्द. तुमच्यानंतर कोण करणार?

 घरात आम्ही दोघं, आणि हे आम्ही कधी बोललो नव्हतो. मी अप्पांना म्हटलं, ‘बाई विचारतायत, की हे सगळं शिकणारं पुढं कुणी आहे का, तुमच्या विद्यार्थ्यांत वगैरे.’

‘आहेत की दोघं-तिघं,’ अप्पा म्हणाले.

‘थांब,’ बाई म्हणाल्या. ‘मी तीन शब्द बोलले. तू केवढं बोललीस! नीट कर.’

अशी बाई. भाषा येत नाही आणि भाषांतरातली चोरी पकडते! मी नीट केलं. अप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं. ‘पुण्याचा पुतण्या आहे. येईल तो.’ जरा थांबून म्हणाले, ‘सुट्टी मिळाली तर.’

तेव्हा बाईंनी सांगायला सुरुवात केली आणि मी दमले असूनही एक शब्द गाळला नाही. सीरियात नदीकाठी एक गाव होतं. तिथं मातीच्या वड्या सापडल्या. त्यात काही बापांनी, ज्यांना मुलगा नव्हता त्यांनी, साक्षीदार बसवून लिहून ठेवलंय, की माझी ही मुलगी आता बाईही आहे आणि पुरुषही. घरचे देव आणि गेलेली माणसं ह्यांना आता हीच हाक मारेल.

अप्पांनी उपरण्याची घडी घातली. मग विचारलं, ‘ते गाव आता आहे?’

‘बरंचसं धरणात गेलं.’

अप्पांनी एकदम वर पाहिलं. अप्पांचं मूळ गाव शेवगावकडचं, जायकवाडीच्या पाण्यात गेलेलं. अजूनही उन्हाळ्यात पाणी हटलं की देवळाचा चौथरा दिसतो का विचारायला ते तिकडच्या लोकांना फोन लावतात. कुणाचं गाव धरणात गेलंय म्हटलं की तो माणूस त्यांना लगेच आपला वाटतो. पण त्या दिवशी ते इतकंच म्हणाले, ‘तिकडचं तिकडे,’ आणि वामकुक्षीला गेले. मी भांडी घासायला घेतली. मला राग आला होता. अप्पांचा की बाईंचा, ते सांगता येणार नाही.

बाई निघाल्या त्या सकाळी, गाडी दाराशी उभी असताना, बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाल्या, ‘गुरुजींना विचार, माझ्यापुरतं थोडं पाणी उरेल का.’ चेहरा नेहमीसारखा कोरा. विनोद आहे की नाही, हे मला इतक्या वर्षांनीही कळेना. ह्या वेळी मात्र मी शब्दाला शब्द ठेवला.

अप्पा म्हणाले, ‘उरेल. मॅडमचं गोत्र विचार.’

बाईंना गोत्र कुठलं? त्यांना माहिती आजोबांपर्यंतच, ते पाव भाजायचे. अप्पा म्हणाले, ‘ज्याला गोत्र माहीत नाही त्याचं कश्यप. सगळ्यांना पुरतं ते.’ बाईंनी तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणून घोटला, गाडीत बसल्यावरही घोटला, आणि त्यानंतर त्यांचे निरोप यायचे ते असे: ‘नगरच्या मुलीला सांग: कश्यप गोत्राची म्हातारी असं म्हणते, बर्फ पडलाय, गुडघे दुखतायत.’

पुढच्या उन्हाळ्यात निरोप यायचे थांबले. विभागातून दोन ओळींची मेल आली. बाई झोपेत गेल्या. मी तेव्हा एसटीतच होते. शेजारच्या मावशींनी विचारलं, ‘काय झालं गं पोरी, कोन गेलं?’ मी म्हटलं, ‘माझ्या बाई.’ त्यांनी कुठल्या, काय, काही विचारलं नाही. पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली.

भाद्रपद आला. अप्पा काठी घेऊन चालायला लागले होते, हात कापायचे. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी तीळ निवडताना त्यांनी विचारलं, ‘तुझ्या बाईंचं काय करायचं?’

‘तुम्ही म्हणाला होतात ना, पाणी उरेल.’

‘उरेल म्हणालो. मी घालीन असं कुठं म्हणालो? माझी त्या कोण? तुझ्या गुरू. महालयात गुरूला पाणी असतं, पण ज्याचा गुरू त्यानं घालायचं.’

‘अप्पा, बायका घालत नाहीत.’

‘शास्त्र मला शिकवू नकोस,’ अप्पा म्हणाले. मग तिळातला खडा बाजूला काढून, माझ्याकडे न बघता, ‘त्या धरणातल्या गावात घालत होत्या ना?’

 वर्षभर ह्या माणसानं ते पोटात ठेवलं होतं!

दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करून दक्षिणेला तोंड करून बसले. अप्पा खुर्ची ओढून समोर. पितरांसाठी जानवं डाव्या खांद्यावरून उजव्यावर घ्यायचं, तिथं अप्पा अडले, मला जानवं कुठलं? जरा विचार करून म्हणाले, ‘ओढणी आहे ना? उजव्या खांद्यावर घे.’ घेतली. मग चुका सुरू झाल्या. ‘हात असा नाही. अंगठा आणि शेजारचं बोट, मधून सोड. सांडतेयस. पुन्हा. तीळ घे. एवढे नको, फोडणी द्यायचीय का? पुन्हा.’ लहानपणापासून लांबून पाहिलेलं जवळून करताना अर्धं पाणी माझ्या मांडीवरच गेलं.

मग बाईंचं नाव घेतलं. कश्यप गोत्र म्हटलं. नाव अडखळत आलं, तसे अप्पा म्हणाले, ‘मोठ्यानं.’ मोठ्यानं घेतलं. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई वळून बघायला लागली. आणि पाणी हातातून खाली जात असताना माझ्या तोंडून निघालं, ‘बाईंना सांग: नगरची मुलगी असं म्हणते, मी जवळून केलं.’

अप्पांनी विचारलं, ‘हे कुठल्या पोथीतलं?’

‘त्यांच्या.’

‘मग असू दे,’ अप्पा म्हणाले. तबकातलं पाणी वाकून पाहिलं, माझा हात पाहिला, आणि म्हणाले, ‘अजून तरी चूक नाही.’

मला हुंदका आला तो तिथं. पण अप्पांनी तिकडं लक्षच दिलं नाही. खिशातून मोबाईल काढून डोळ्यांजवळ धरला आणि पुण्याला फोन लावला. स्पीकर चालू, कारण त्यांना ऐकू येत नाही.

‘बोला काका, तब्येत कशी?’

‘बरी आहे. ऐक. माझ्यामागं तू सुट्टीबिट्टी काढून यायची गरज नाही. दर्शनाला ये, बाकी नको.’

‘असं का म्हणताय काका? रागावलात का? मग करणार कोण?’

‘कोण म्हणजे? मुलगी आहे ना माझी.’

 मी ओल्या तिळांचे हात तसेच धरून बसलेली, डोळ्यांतून धारा. अप्पांनी मोबाईलवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून खेकसले, ‘रड नंतर. आधी ओढणी डाव्या खांद्यावर घे. काम संपलं की तसं ठेवायचं नसतं.’